आजोबांची बीएसए एम-20: सव्वा लाखाला द्यावी का?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. आमच्या खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची बीएसए मोटारसायकल उभी आहे. घरात सांगतात ते असं, की लढाई संपल्यावर ती मिलिटरीच्या लिलावातून निघाली, मग भुसावळच्या एका रेल्वे गार्डाकडे होती आणि त्याची बदली झाली तेव्हा आजोबांनी घेतली. इंजिनावर डब्ल्यूएम20 आणि पुढे आकडे आहेत. पुढचा चिमटा (फोर्क) मधे स्प्रिंग असलेला, जुन्या पद्धतीचा. मागचं चाक बुलेटचं बसवलंय. टाकीवर काकांनी हिरव्या ऑइलपेंटचा हात मारलाय. किक खाली जाते, म्हणजे इंजिन जाम नसावं.

गेल्या आठवड्यात इंदूरहून एक जण आला होता. सव्वा लाख रोख, आजच्या आज उचलतो म्हणाला. आर.सी. बुक दाखवलं तर म्हणे, "ते राहू द्या तुमच्याकडे, मी बघतो कागदांचं." बुकाला कसर लागलीय, पण आजोबांचं नाव आणि नंबर वाचता येतो. वडील म्हणतात देऊन टाक, तेवढ्या जागेत ठिबकच्या नळ्या राहतील. मोठा भाऊ मोबाइलवर इंग्लंडचे लिलाव बघून बसलाय, तो पन्नास लाखांच्या खाली बोलायला तयार नाही. खरी किंमत काय धरावी?

सराफकट्टा_जळगाव

भावाला म्हणावं, पन्नास लाखाचं गिऱ्हाईक आलं की मलाही बोलव, बघायला येतो. आमच्याकडे दुपारी चारला कुणी बांगडी घेऊन आला तर साडेचारला पैसे घेऊन जातो, आणि भाव सगळ्या गावाला माहीत असतो. तुझ्या गाडीचा भाव कुठल्याच फळ्यावर लिहिलेला नाही. एक गिऱ्हाईक पाहिजे, आणि तो एक कधी येईल ते सांगता येत नाही. गुंतवणूक म्हणून ठेवत असाल तर नका ठेवू.

नाना_भुसावळ

बेटा, आधी त्या इंदूरवाल्याला सांग, केळीची कटाई चालू आहे, नंतर या. मग हे वाच.

माझे वडील इथल्या लोको शेडला फिटर होते आणि मी पुढे गॅरेज चालवलं, त्यामुळे ह्या गाड्या हाताखालून गेल्यात. तुझी आहे ती बीएसए एम-20. 496 सीसी, साइड व्हॉल्व्ह, तेरा हॉर्सपॉवर. बर्मिंगहॅमला 1937 पासून 1955 पर्यंत निघाली, आणि एकट्या दुसऱ्या महायुद्धात फौजेला 1 लाख 26 हजारांच्या आसपास दिली गेली. म्हणजे इंदूरवाला जेवढे रुपये देतोय, साधारण तेवढ्या गाड्या निघाल्या. हा आकडा भावाला दाखव. तो जे लिलाव बघतोय ते ब्रो सुपीरियर नाहीतर व्हिन्सेंट असल्या दुर्मीळ इंग्रजी गाड्यांचे असणार. 2014 साली एक ब्रो एसएस100 इंग्लंडात 3 लाख 15 हजार पौंडांना गेली, तेव्हाच्या दराने तीन कोटींच्या वर. पण ब्रो सगळ्या मिळून तीन हजारांच्या आसपासच बनल्या. तुझी एम-20 तिकडे, चालू हालतीत आणि कागद चोख असताना, साधारण चार ते सहा हजार पौंडांत मिळते. आणि तिकडेही साध्या गाड्यांचा भाव आता पूर्वीसारखा चढत नाही. ज्यांनी तरुणपणी दुकानाच्या काचेला नाक लावून ह्या गाड्या बघितल्या, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना किक मारवत नाही, आणि त्यांच्या पोरांना ती मारायची नाही. अव्वल नगाला मागणी राहते, बाकीच्या गाड्यांची गर्दी वाढते.

आपल्याकडे गणित वेगळं आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. इंग्लंडात बीएसए, नॉर्टन, मॅचलेस हे कारखाने एकामागून एक बसले, रॉयल एनफील्डही 1970 सालापर्यंत तिकडे संपली. तिकडच्या माणसाची गाडी गेली, म्हणून त्याला तिची ओढ. आपली गेलीच नाही! 1955 साली मद्रासला एनफील्ड सुरू झाली आणि तीच इंग्रजी बुलेट आपल्याकडे दूधवाला, फौजदार, तलाठी सगळे चालवत राहिले. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, हे सावदा-फैजपूरच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. म्हणून तुझ्या गाडीचा ठोका ऐकून यावलच्या चौकात कुणी वळून बघणार नाही, "बुलेट आली" म्हणतील. खान्देशात तिला भाव नाही तो यामुळे. भाव देणारा पुण्या-मुंबईकडचा किंवा इंदूरचा संग्राहक, आणि तो काय बघतो ते आपल्याला माहीत पाहिजे.

सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, झूल कितीही भारी असो. तसा हा माणूस आधी नंबर बघतो. इंजिनाचा नंबर सिलिंडरखाली डाव्या अंगाला, चौकटीचा (चॅसिसचा) नंबर हँडलच्या मानेपाशी डावीकडे. एक ध्यानात ठेव. ह्या बीएसएच्या इंजिनाचा आणि चौकटीचा आकडा कारखान्यातूनच वेगवेगळा यायचा. दोन्ही अगदी एकसारखे दिसले तर खूश होऊ नको, कुणीतरी घरी बसून ठोकलेत. आणि दोन्ही आर.सी. बुकात आहेत तसेच पाहिजेत.

म्हणून तो "कागद राहू द्या" म्हणाला ना, तिथेच मला खटकलं. ज्याला गाडी गाडी म्हणून ठेवायचीय तो आधी बुक मागतो. ज्याला ती उघडून इंजिन एकीकडे, चिमटा दुसरीकडे, टाकी तिसरीकडे विकायचीय त्याला बुक अडचणीचं. शिवाय गाडी अजून आजोबांच्या नावावर, आणि उद्या त्या नंबरवर काही भलतंसलतं झालं तर पोलीस यावलला येतील, इंदूरला नाही. आधी वारसाच्या नावावर करून घे. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राचा वेगळा नियम आहे. नवीन नोंदणीला 20 हजार, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5 हजार. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तुझ्या गाडीची निम्मी शान त्या जुन्या नंबरातच आहे. अट एवढीच, की चौकट आणि इंजिन यांत फेरफार नको आणि रोजच्या वापराला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यापुरती ठीक.

मागचं चाक बुलेटचं आहे त्याची चिंता करू नको, बदलता येतं. एम-20 चे सुटे भाग इंग्लंडात आजही नवे करून विकतात, गाड्याच एवढ्या निघाल्या होत्या. चिंता रंगाची कर. काही झालं तरी टाकी घासू नको. फौजेच्या गाडीच्या टाकीवर सी अक्षर आणि पुढे आकडे रंगवलेले असत. काकांच्या ऑइलपेंटखाली ते अजून असतील, तर तो रंग म्हणजे दाखला आहे. भारतातून बाहेर गेलेल्या गाड्यांचं तिकडे नाव खराब झालंय ते वरून क्रोम आणि आतून बुलेटचे तुकडे भरल्यामुळेच. चकाचक करून विकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

किक खाली जाते म्हणून लगेच सुरू करायला जाऊ नको. ह्या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि उभ्या उभ्या झिरपून सगळं खाली इंजिनात जमतं. आधी ते काढ. मॅग्नेटो लुकासचा असेल. बॅटरीशिवाय ठिणगी देतो, माल चांगला, पण आतल्या गुंडाळीवर लाखेचा थर असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लाख मऊ होऊन चिकटते. कधी सकाळी गाडी सुरू होते आणि तापली की मरते, तो दोष कंडेन्सरचा. पेट्रोलही आता 20 टक्के इथेनॉलचं. ते पाणी ओढतं, म्हणून वापर नसेल तर टाकी भरून ठेवू नको, आतून गंजेल. आणि मेट्रिक पाने लावू नको रे बाबा. ह्या गाडीला व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे पाने लागतात, नाहीतर सगळे नट गोल होतील आणि मग छिन्नी-हातोडा.

लळिंगघाट_धुळे

नाना, तुम्हनं खरं शे, पण एक गोष्ट राहिली. आजच्या पोराला जुनी गाडी नको, जुनं नाव पाहिजे, आणि ते आता शोरूममध्ये मिळतं. ट्रायम्फची स्पीड 400 बजाज चाकणला बनवते, 2023 ला आली तेव्हा सव्वादोन लाखांच्या पुढे होती. बीएसएचं नाव 2016 ला महिंद्राच्या गोटात आलं, गोल्ड स्टार 650 आपल्याकडे ऑगस्ट 2024 मध्ये तीन लाखांपासून सुरू झाली. नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसकडे. बटण दाबलं की सुरू. मी स्पीड 400 घेतली, आग्रा रोडला शंभरच्या पुढे मजेत चालते. एम-20 ला साठच्या पुढे काढून दाखवा.

तरी विकू नको म्हणेन. आमच्याकडे लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी लग्नाआधीचे फोटो काढायला जुनी गाडी भाड्याने मागतात. सुरू व्हायचीही गरज नाही, फोटोत आवाज येत नाही.

नाना_भुसावळ

भाड्याचं सोड. नवरा मुलगा स्टँडवरून पाडेल आणि टाकीला पोचा येईल, मग बस त्या भाड्यातून पोचा काढत. बाकी तुझं बरोबर आहे. फक्त साठचं म्हणशील तर ती गाडी वेगासाठी बनवलीच नव्हती. वाळवंटात, चिखलात, अर्धवट शिकलेल्या शिपायाच्या हाताखाली, वाईट पेट्रोलवर चालावी म्हणून बनवलेली. साठने दिवसभर चालते, तेवढं पुरे.

पारोळेकर

माझ्या मामांकडे जावा आहे, तीपण ब्रिटिशच ना? काय येतील?

नाना_भुसावळ

जावा झेकोस्लोव्हाकियाची, आपल्याकडे म्हैसूरला बनायची. वेगळा धागा काढ भो.

केळीबाग_यावल

नाना, सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, पण ठिबकच्या नळ्या दुसरीकडे ठेवल्या. चौकटीचा नंबर बुकात आहे तोच निघाला, इंजिनाचा एक आकडा बुकात पुसट आहे. टाकीच्या उजव्या बाजूला रंग सुटलाय तिथे खाली काहीतरी पांढरं दिसतंय. थिनर लावून बघू का?

नाना_भुसावळ

थिनरची बाटली शेडच्या बाहेर ठेव! नखाने निघेल तेवढंच काढ, मग उन्हात आडवा प्रकाश पडेल असा फोटो काढून इथे टाक. इंजिनाच्या आकड्यासाठी आर.टी.ओ. कडे जुन्या नोंदवहीचा उतारा माग, आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती सोबत ने, म्हणजे दोन खेपा वाचतील. नाव लागलं की पुण्याच्या दोघा संग्राहकांना आणि त्या इंदूरवाल्यालाही एकाच दिवशी बोलव. बुक हातात घेऊन कोण किती वेळ वाचतो ते बघ आणि त्यालाच आकडा विचार. सव्वा लाखाला मात्र आत्ता हो म्हणू नको.

मॅग्नेटो इकडे आणून दे, मी खोलून बघतो. पण मृग लागल्यावर, आता दुपारी माझ्याच्याने पत्र्याखाली बसवत नाही.