पावणेतीन वर्षांचा मुलगा, ऑटिझमचं निदान, आठवड्याला ३० तास थेरपी सुचवली आहे – सल्ला हवा (पुणे)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. नुकतंच डेव्हलपमेंटल पीडिअ‍ॅट्रिशियननी ऑटिझमचं निदान केलं. हाक मारली तरी बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही. दीड वर्षाचा असताना 'पाणी', 'आबा' म्हणायचा, ते शब्द हळूहळू गेले. बेरा टेस्ट झाली आहे, ऐकू नीट येतं. मुरमुरे हवे असले की माझं मनगट धरतो आणि माझ्याकडे न बघता माझा हात डब्यावर नेऊन ठेवतो. डबा उघडला की आधी झाकण फरशीवर गरगर फिरवणार, ते पडेपर्यंत बघणार, मग खाणार. मूल हसरं आहे, प्रेमळ आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण हल्ली त्याचा विषय निघाला की घरातले सगळे आवाज खाली आणतात आणि मला ते सहन होत नाही.

निदान आम्ही मान्य केलं आहे. प्रश्न थेरपीचा आहे.

घराजवळच्या एका सेंटरने एबीए (हवं ते वागणं बक्षीस देऊन पायरीपायरीने शिकवण्याची थेरपी) सुचवलं आहे: सोमवार ते शनिवार रोज पाच तास, महिना ४८ हजार, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. पालकांना आत बसू देत नाहीत. घरी सगळ्यांनी फक्त इंग्रजीत बोलायचं, नाहीतर मूल गोंधळतं, असं सांगितलं. आणि 'आत्ता नाही केलं तर नंतर उपयोग नाही, आमच्याकडे निम्मी मुलं नॉर्मल शाळेत जातात' हे वाक्य तर दोन वेगवेगळ्या लोकांनी जसंच्या तसं ऐकवलं.

ट्रायल सेशन दाराच्या काचेतून पाहिलं. छोटं टेबल, छोटी खुर्ची. थेरपिस्ट मुलगी बिस्किटाचा तुकडा स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून 'लुक अ‍ॅट मी' म्हणत होती. याने बघितलं की तुकडा, नाही बघितलं की पुन्हा तेच. तो रडायला लागला तर ती थांबली, रडणं ओसरल्यावर परत तिथूनच सुरू. मुलगी वाईट नव्हती, आवाजही चढवला नाही. पण तासाभरात तो स्वतःहून कशाकडे वळतोय, हे तिने एकदाही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या चेंडूकडे तो सारखा जात होता आणि दर वेळी त्याला उचलून खुर्चीत आणलं जात होतं.

तेव्हापासून जमेल तेवढं वाचते आहे. 'निम्मी मुलं' हा आकडा बहुधा मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या एबीएवरच्या १९८७ सालच्या अभ्यासातून आलेला असावा. १९ मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त थेरपी दिली आणि त्यातली ९ मुलं सर्वसाधारण शाळेत पहिली पार करून गेली. पण मुलांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि त्या पद्धतीत ओरडणं, मांडीवर चापट मारणंसुद्धा होतं, हे सेंटरच्या काउन्सेलरच्या तोंडून काही ऐकलं नाही. दुसरीकडे डेन्व्हर मॉडेलचा (लहान मुलांना खेळातून शिकवण्याची पद्धत) २०१० सालचा अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं, थेरपिस्टचे आठवड्याला साधारण १५ तास, शिवाय आईवडिलांनी घरी खेळताना-भरवताना तेच करायचं. त्या मुलांचा बुद्ध्यांक दोन वर्षांत सरासरी १७-१८ गुणांनी वाढला, इतर उपचार घेणाऱ्या मुलांचा ७ गुणांनी. आणि २०२४ मध्ये १४४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर तास वाढवले की फायदा वाढतो असं त्यात दिसलं नाही.

मग ३० तास कशासाठी? पावणेतीन वर्षांचं मूल दुपारी झोपतं हो. मी बँकेत आहे, नवरा चाकणला शिफ्टमध्ये. दिवसभर मुलगा सासूबाईंजवळ असतो. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणजे आजीने नातवाशी बोलायचंच नाही का?

ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी कृपया सांगा: तुम्ही किती तास केलंत, सेंटर कसं पारखलंत, आणि कमी तास घेतले म्हणून नंतर हळहळ वाटली का?

– सायली_ध

रानजाई:
ताई, मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, तीन वर्षांचा असताना सुरुवात केली होती. आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर आम्ही कधी गेलो नाही. तो अजूनही मोजकंच बोलतो, पण हवं-नको सांगतो, दुखलं तर कुठे ते दाखवतो. ३० तासांनी जास्त झालं असतं का, हे कुणीच सांगू शकणार नाही, त्यामुळे त्या विचारात रात्री घालवू नका.

मराठी अजिबात बंद करू नका. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवर बरेच अभ्यास झालेत, दोन भाषांमुळे त्यांचं बोलणं जास्त मागे पडतं असं आढळलेलं नाही. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असतील तर म्हणू द्या. जिला मनापासून बोलता येतं, तीच भाषा मुलाला भरपूर मिळते.

मनगट धरून नेतो ना, तिथूनच सुरू करा. मुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा. त्याने हात नेला की लगेच उघडू नका, तळहात पुढे करून मनात पाचपर्यंत मोजा. बघितलं, आवाज काढला, तळहाताला हात लावला, काहीही केलं की 'दे? घे!' म्हणून लगेच द्या. थोडेच द्या, म्हणजे पुन्हा मागायला येईल. रडवायचं मात्र नाही. झाकण फिरवत असेल तर शेजारी बसून दुसरं झाकण तुम्ही फिरवा. ते हिसकावून घेऊ नका, त्याला त्यातून बरं वाटतं. डोळ्यात बघण्याची सक्ती तर नकोच. मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक लिहितात की त्याचा त्रास व्हायचा आणि बघण्यातच सगळं लक्ष संपायचं.

औंधकर७१:
ओळखीतल्या एकांनी मुलाला स्टेम सेल दिलं, फरक पडला म्हणतात. खर्च लाखांत आहे, पण चौकशी करून बघा.

बोलकी_बाहुली:
@औंधकर७१, तुम्ही आपुलकीने सांगताय, पण हे करू नका. ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एथिक्स बोर्डाने २०२२ मध्येच सांगितलं आहे.

सायली, मी स्पीच थेरपिस्ट आहे. एबीए म्हटलं की सगळं एकच नसतं. टेबल-खुर्चीवरचं जुनं ड्रिलही एबीए आणि मुलाच्या खेळातून शिकवणंही त्याच मुळातून आलेलं. त्यामुळे नावावर जाऊ नका, खोलीत काय चालतं ते बघा. लहान मुलाच्या आईला आत घेत नाही, त्या सेंटरला मी तरी नाही म्हणेन. उद्दिष्टं लेखी मागा. 'कम्युनिकेशन सुधारणे' असं मोघम नको, 'दिवसातून पाच वेळा आपणहून मागेल' असं हवं. तो रडला तर काय करता, हे विचारा आणि उत्तर नीट ऐका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला संकोच करू नका. ओटींची (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) नोंदणी आरसीआयकडे नसते, त्यांची वेगळी परिषद आहे.

आईवडिलांना शिकवणं म्हणजे स्वस्तातली तडजोड, असा समज आहे, तो खरा नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पंधरा दिवसांतून एकदा भेटत, पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घेऊन त्यांच्यासोबत बघत. सहा महिन्यांत पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी आपणहून साधलेला संवादही वाढला. तुमच्या घरी हे आजींना शिकवता येईल. दिवसभर त्याच असतात, त्यांच्याइतके तास कुठलं सेंटर देणार?

दुसरं मत हवं असेल तर रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं टीडीएच-मॉरिस सेंटर आहे. सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालयाचं डीईआयसी (लहान मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) बघा, आपलं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढायला घ्या. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

सायली_ध:
रानजाई, बाहुली, खूप खूप आभार. तुमचे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. मराठीचं ऐकल्यावर 'मग मी बोलू ना त्याच्याशी?' असं त्यांनी दोनदा विचारलं. सेंटरमध्ये इंग्रजीची अट सांगितल्यापासून त्या घरात गप्प झाल्या होत्या.

आगाऊ पैसे भरणार नाही, हे आज नवऱ्याशी बोलून ठरवलं. केईएमला फोन करते आहे. सेंटरलाही एक संधी देते: मी किंवा सासूबाई आत बसणार, आठवड्याला दहा तास, उद्दिष्टं लेखी. मान्य असेल तर ठीक, नाहीतर दुसरीकडे.

आता एकच विचारायचं आहे. धायरी, वडगाव, नऱ्हे या भागात घरी येऊन आजी-आजोबांना मराठीतून शिकवणारं कुणी माहीत आहे का? शनिवारी येणारं असेल तर मलाही थांबता येईल. नाव-नंबर इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.