गो खेळातला मुलूख मोजणारा प्रोग्राम: मेलेल्या सोंगट्या कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी,

गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा घेरण्याचा खेळ. त्याचा डाव संपल्यावर कुणाचा मुलूख (घेरलेली जागा) किती, हे मोजणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहितो आहे. सोपा भाग झालाय, पुढे गाडी अडली आहे.

सध्या करतो ते असं. रिकाम्या बिंदूपासून फ्लड फिल सुरू करायचं, चारही दिशांना पसरायचं आणि तो रिकामा तुकडा कुठल्या रंगांना टेकतो ते एका सेटमध्ये जमा करायचं. सेटमध्ये एकच रंग आला तर मुलूख त्याचा, दोन्ही आले तर कुणाचाच नाही. १९ × १९ च्या पटावर बिंदू ३६१च, त्यामुळे वेगाची काळजी नाही.

घोळ होतो तो मेलेल्या सोंगट्यांपाशी. समजा, काळ्याने कोपऱ्यात १२ बिंदू घेरले आहेत आणि आत पांढऱ्याची एकच सोंगटी अडकली आहे. ती वाचणार नाही हे दोन्ही खेळाडूंना दिसतं, म्हणून ती मारायला कुणी चाल वाया घालवत नाही. जपानी नियमांनी तिथे काळ्याचे १३ गुण व्हायला हवेत: १२ बिंदू (सोंगटीखालचा धरून) आणि एक कैदी, म्हणजे ती पकडलेली सोंगटी. माझा प्रोग्राम मात्र त्या सोंगटीमुळे अख्खा कोपरा बेवारस ठरवतो, गुण शून्य!

चिनी नियम घेतले तर 'आधी मारून दाखवा, मग मोजू' म्हणता येतं, कारण आपल्याच मुलखात चाल केली तरी तिथे गुण जात नाही. जपानी मोजणीत अशी प्रत्येक चाल एक गुण खाते. आणि मला जपानीच हवी आहे.

बेन्सनचा १९७६चा अल्गोरिदम वाचला. तो देखणा आहे, पण प्रतिस्पर्ध्याने कितीही चाली केल्या आणि आपण एकही केली नाही, तरी जगणारे गटच तो जिवंत धरतो. नेहमीच्या डावाच्या शेवटी मोठे मुलूख मोकळेच असतात, त्यामुळे बरेच धडधाकट गट त्यातून निसटतात.

दुसरा मार्ग मॉन्टे कार्लोचा: शेवटच्या स्थितीपासून शेकडो डाव यादृच्छिक चालींनी, स्वतःचे डोळे (आपल्या गटाने घेरलेले रिकामे बिंदू) न बुजवता, संपवायचे (यांना प्लेआउट म्हणतात) आणि प्रत्येक बिंदू किती वेळा कुणाकडे गेला ते बघायचं. मला हाच पटतो. पण सेकीत, म्हणजे जिथे आधी हात घालेल तो मरतो, तिथे यादृच्छिक चाल नेमकी हात घालते आणि जिवंत गट मेलेला दिसतो. शिवाय जपानी नियमांत सेकीतल्या डोळ्यांचे गुणच धरत नाहीत, म्हणजे सेकी वेगळी ओळखावीच लागणार.

तर विचारायचं हे: मेलं-जगलं बिंदूनुसार ठरवावं की जोडलेल्या अख्ख्या साखळीची सरासरी काढून? सीमारेषा किती टक्क्यांवर ठेवता? सेकीसाठी प्लेआउटमध्येच एखादा नियम घालता येतो का? की सरळ खेळाडूंनाच मेलेले गट क्लिक करून दाखवायला सांगणं शहाणपणाचं?

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर नक्की लिहा. फ्लड फिलचा कोड हवा असेल तर प्रतिसादात टाकतो.