किनाऱ्याचा उतार मोजतोय, उंचीचा आधार हरवलाय. मदत हवी आहे

मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा वाळूचा उतार ताडून बघायचा आहे, टीवायच्या भूगोल प्रकल्पासाठी. पावसाळी लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि पुढे शांत लाटा ती परत आणतात, हे पुस्तकात आहे. मला ती किती गेली ते हवंय.

पद्धत एमरीची: दोन खुणांच्या काठ्या आणि क्षितिजाची रेघ. धूसर हवेत क्षितिज दिसत नाही तेव्हा गवंड्यांची पाण्याची नळी. ती झकास चालते.

अडलंय ते सुरुवातीच्या बिंदूवर. मे महिन्यात कठड्याच्या पायाशी ऑइलपेंटची खूण केली होती. ऑक्टोबरात तिथे नवं काँक्रीट! फोनचं जीपीएस उंचीला कुचकामी, काही मीटर सहज चुकतं. डीजीपीएसचं (जास्त अचूक जीपीएस यंत्राचं) भाडं परवडत नाही.

मेच्या नोंदीत पाण्याची कड आणि घड्याळाची वेळ मात्र आहे, दिवस भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेला. भरती-ओहोटीच्या वेळा-उंचींचा तक्ता दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराचा आहे. त्याचं शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली, हे धरलंय. पण अक्सा उत्तरेला, उघड्या समुद्रावर, आणि कड तर प्रत्येक लाटेबरोबर चढते-उतरते.

टोकाचे काळे खडक मेच्या फोटोंत दिसतात, पण त्यांची उंची तेव्हा घेतली नव्हती.

तर, पाण्याच्या कडेवरून दोन्ही मोजण्या एकमेकींना जोडल्या तर चूक किती सेंटीमीटर धरावी? की मेचे आकडे सोडून ऑक्टोबरपासूनच नव्याने सुरुवात करू?