जर्मन-फ्रेंच मजकुरातला ‘बिलियन’ म्हणजे नक्की किती?

पानउलट: एका जर्मन अहवालाचा मराठी गोषवारा करतोय. मजकुरात ‘१,२ बिलियोनेन युरो’ आहे, तक्त्यात त्याच रकमेपुढे ‘१.२०० एमआरडी.’ छापलंय. इंग्रजी बिलियन (एकावर नऊ शून्यं) धरला तर ताळमेळ बसत नाही. फ्रेंच आवृत्तीतही हेच स्पेलिंग आहे. मराठीत काय लिहू?

शून्यमोजणी: दोन्ही आकडे एकच आहेत. जर्मनमध्ये एकावर नऊ शून्यं म्हणजे ‘मिलियार्डे’ (एमआरडी.), आणि बिलियन म्हणजे एकावर बारा. फ्रेंचमध्येही तसंच, फक्त तिथले पत्रकार बिलियनऐवजी बहुधा ‘हजार मिलियार’ लिहितात.

दुसरा सापळा विरामचिन्हांचा. जर्मनमध्ये स्वल्पविराम हा दशांशचिन्ह आहे आणि टिंब हजार वेगळे करतं. म्हणून ‘१.२०० एमआरडी.’ म्हणजे बाराशे मिलियार्डे. ते आपल्या पद्धतीने १.२ वाचलंत तर रक्कम थेट हजारपट घटते. तक्ता स्प्रेडशीटमध्ये घेताना आधी भाषा-प्रदेशाची सेटिंग जर्मन करा, नाहीतर सॉफ्टवेअरही हाच घोळ घालतं. बिलियनचं संक्षिप्त रूप ‘बायो.’ असंही दिसेल. सेंद्रिय भाजीवरच्या ‘बायो’शी त्याचा संबंध नाही!

मराठीत: १,२ बिलियोनेन = १.२ लाख कोटी, १,२ मिलियार्डेन = १२० कोटी.

जुनी_टिपणं: मूळ अर्थ बारा शून्यांचाच. १४८४ मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने दशलक्षाचा वर्ग या अर्थाने तो लिहिला. पुढे फ्रान्समध्ये नऊ शून्यांचा अर्थ रुळला, अमेरिकेने तो उचलला, आणि १९६१ मध्ये फ्रान्स अधिकृतपणे बारावर परतला. ब्रिटिश सरकारने उलट १९७४ मध्ये अमेरिकी अर्थ स्वीकारला. त्यामुळे त्याआधीची ब्रिटिश कागदपत्रं असतील तर संदर्भ पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

तिसरा_मजला: स्पॅनिश ‘बियोन’ही बारा शून्यांचा. पोर्तुगीजमध्ये तर देशागणिक फरक: पोर्तुगालमध्ये बारा, ब्राझीलमध्ये नऊ, स्पेलिंगही किंचित वेगळं. रशियन सगळ्यात फसवं: नऊ शून्यांना ‘मिलियार्द’ म्हणतात, पण बाराला थेट ‘ट्रिलियन’. जर्मन ट्रिलियनला मात्र अठरा शून्यं.

शंका आली की मोठ्या ज्ञात आकड्याशी ताडून पाहा. जर्मनीचा जीडीपी चार बिलियोनेन युरोच्या पुढे आहे. ते चार अब्ज समजलात तर मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्पच जास्त भरेल.

पानउलट: अब्ज, खर्व वापरले तर चालतील?

शून्यमोजणी: अब्ज चालेल, शंभर कोटी म्हणून. खर्व टाळा. मराठीत तो दहा अब्ज, आणि हिंदीतला खरब शंभर अब्ज. हिंदी वाचायची सवय असलेला वाचक तिथेच घसरेल. लाख कोटी लिहा आणि पहिल्या उल्लेखाला कंसात अंकांत पूर्ण रक्कम द्या.