पीएफच्या (फाल्सिपेरम हिवतापाच्या) स्लाइडवर नुसत्या रिंगाच का?

स्लाइडवाली: गडचिरोलीकडे सात वर्षं हिवतापाच्या स्लाइडी बघतेय. जेएसबी स्टेन (परजीवी दिसावेत म्हणून लावायचा रंग), ऑइल लेन्स, संध्याकाळी मान आखडलेली. पीव्ही (व्हायव्हॅक्स हिवताप) असेल तर लहानमोठे सगळे परजीवी दिसतात. पीएफमध्ये मात्र बारीक रिंगा, म्हणजे कोवळे परजीवी, नाहीतर कधीतरी केळ्यासारखे गॅमेटोसाइट, म्हणजे नर-मादी अवस्था. मधले मोठे जातात कुठे? आणि एकाच पोराला दरवर्षी पीएफ होतो, तर शरीर त्याला ओळखत कसं नाही?

पाणथरी: दोन्हींचं उत्तर एकच आहे. 48 तासांच्या चक्रात साधारण 16 ते 20 तासांनी परजीवी तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर पीएफईएमपी-1 हे प्रथिन काढतो. त्याने पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटते. वाहत राहिली तर पाणथरीत (प्लीहेत) गाळली जाईल ना! म्हणून बोटाच्या थेंबात मोठे येत नाहीत.

आता खोड बघा. या प्रथिनाची जनुकं, म्हणजे व्हार जनुकं, त्याच्याकडे साठेक आहेत आणि एका वेळी एकच चालू. बाकीची केंद्रकाच्या कडेला एचपी-1 प्रथिनाने करकचून बांधलेली. गोदामात साठ पोती, एकाचंच तोंड उसवलेलं. कोणतं उसवलेलं हे पिल्लांनाही वारशाने कळतं, डीएनएचं एक अक्षरही न बदलता. अँटीबॉडी तयार होईपर्यंत काहींनी दुसरं पोतं उघडलेलं असतं.

बारावी_बायो: पण तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं ना? मग जनुकं कुणाची?

पाणथरी: परजीवीची स्वतःची. 14 गुणसूत्रं घेऊन येतो. घर रिकामं, सामान त्याचं.

बाई, तुमची केळीही याच कुलपातली. एपी2-जी नावाचं जनुक एरवी एचपी-1खाली बंद असतं. थोड्या परजीवींत ते उघडतं आणि ते नर-मादी व्हायच्या वाटेला लागतात. पिकायला दहाबारा दिवस, तेही बरेचसे अस्थिमज्जेत दडून.

स्लाइडवाली: अच्छा! ताप उतरल्यावर आशाताई पुन्हा स्लाइड आणते, त्यात रिंग एक नाही आणि केळी चार. मला वाटायचं गोळ्या नीट घेतल्या नाहीत. उगाच रागावले एका म्हातारबांना.

पाणथरी: एसीटीने (हिवतापाच्या नेहमीच्या गोळ्यांनी) पिकलेली केळी मरत नाहीत, त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन देतात. रिंगा नाहीत म्हणजे म्हातारबांनी गोळ्या घेतल्या असणार.