कातळावरच्या उशीसारख्या बुटक्या गवताची ओळख हवी आहे

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्यात जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा देवळामागच्या उघड्या कातळाच्या भेगांत गवताचे अगदी बुटके झुबके दिसले. लहान झुबका रुपयाच्या नाण्याएवढा, तर मोठा तळहाताएवढा होता, आणि मधला भाग इतका दाट व फुगीर की बोट दाबले असता उशीवर दाबल्यासारखे वाटे. पाती सुतासारखी बारीक, मुडपलेली, पिवळट-करडी होती. सगळे वाळून गेले आहे असे समजून एक लहानसा झुबका मुळांसकट कागदात गुंडाळून आणला आणि तो तीन आठवडे टेबलावर तसाच पडून राहिला. परवा बशीत पाणी घालून त्यात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाती उलगडून बुडाकडून हिरवी झालेली दिसली. झुबक्यातून दोन-तीन सेंटिमीटरच्या सरळ काड्या वर आल्या आहेत, परंतु त्यांवर तुरा किंवा फुले म्हणावीत असे काही नाही. हे गवत कोणते, आणि वाळलेले पाते पुन्हा हिरवे कसे झाले?

निवृत्त शिक्षक, दादर

ताई, ज्या काड्यांवर काहीच नाही असे आपल्याला वाटले, ती या गवताची कणसे असावीत. वर्णनावरून हे ओरोपेटियम थोमेयम दिसते. दूर्वेच्याच उपकुळातले हे गवत भारतात मूळचे आहे, श्रीलंकेत आणि आफ्रिकेतही ते आढळते, आणि आपल्याकडे दख्खनच्या उघड्या खडकांवर, जिथे मातीचा थर बोटभरही नसतो अशा जागी ते वाढते.

दूर्वा जमिनीसरशी धावे सोडत पसरते, तर याला धावे नसतात. पेरांमधले अंतर फार थोडे असल्यामुळे नवे फुटवे जुन्यांना चिकटूनच उगवतात आणि त्यातून हा उशीचा आकार तयार होतो. बुडाशी जुन्या पात्यांची आवरणे गळून न पडता तशीच राहतात. एखादा फुटवा अलगद सोडवून पाहिल्यास ती एकावर एक चढवलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखी दिसतील.

कणसाची रचना मात्र मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. गव्हाच्या किंवा दूर्वेच्या कणसात कणिशके, म्हणजे एकेका फुलाला किंवा काही फुलांना सामावणारे छोटे घटक, दांड्यावर बाहेरच्या बाजूने बसलेली दिसतात. इथे दांड्यालाच दोन्ही बाजूंनी आळीपाळीने खोबणी असतात आणि प्रत्येक खोबणीत एकच फूल असलेले एक कणिशक जवळजवळ पूर्ण बुडालेले असते. खालचे तुष, म्हणजे कणिशकाचे पहिले आवरण, टोकाचे कणिशक सोडले तर नसतेच. वरचे तुष कडक होऊन खोबणीवर झाकणासारखे बसते. म्हणून साध्या डोळ्यांना सारी काडी गुळगुळीत दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन, काडी दोन नखांत धरून किंचित वाकवावी, म्हणजे झाकणे बाजूला होतात.

गवतप्रेमी, ठाणे

सरांच्या उत्तराला एक पुस्ती जोडतो. अशाच कातळांवर ट्रायपोगॉन या दुसऱ्या गवतवंशाच्या जातीही वाढतात, त्यांच्यातही वाळून पुन्हा हिरवे होणाऱ्या जाती आहेत, आणि त्यांचेही कणीस एकेरीच असते; म्हणून केवळ पाणी देऊन झालेल्या बदलावरून निर्णय करू नये. ट्रायपोगॉनच्या कणिशकात सहसा अनेक फुले असतात, दोन्ही तुषे असतात, आणि आतल्या आवरणाच्या टोकाला कुसळ असते.

मुलुंडकर

मुलाच्या शाळेतले भिंग घेऊन पाहिले. काडी वाकवताच एका बाजूला टोकदार, हिरवट झाकण उचलले गेले आणि त्याखाली खरोखर खळगा दिसला. त्याच्या थोडे वर, विरुद्ध बाजूला, दुसरा. कुसळ कुठेही नाही. टोकाच्या कणिशकाला मात्र दोन आवरणे दिसतात.

निवृत्त शिक्षक, दादर

मग ओरोपेटियमच. शंका उरलीच, तर फोर्टमधल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियममध्ये पूर्वपरवानगी घेऊन वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहता येईल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सामान्य झाडाची पेशी एवढी सुकली की तिची पटले, म्हणजे पेशीतले पातळ पडदे, एकमेकांना चिकटून फाटतात आणि पाणी मिळाले तरी ती सावरत नाही. वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पतींत पाणी कमी होऊ लागताच पेशीत सुक्रोज आणि संरक्षक प्रथिने साठतात, त्यांमुळे पाण्याच्या जागी काचेसारखा घट्ट द्राव उरतो आणि पटले जागच्या जागी टिकतात. पाते मुडपल्याने उन्हाचा मारही कमी बसतो. बिया वर्षानुवर्षे कोरड्या राहूनही रुजतात, त्यामागेही हीच युक्ती असते. हे गवत ती पात्यांतही वापरते. म्हणूनच आपला झुबका ‘मेलेला’ कधीच नव्हता.

२०१५ साली याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. तो डीएनएच्या सुमारे २४.५ कोटी अक्षरांचा, म्हणजे गवतांत फारच छोटा आहे. गव्हाचा सुमारे १६०० कोटींचा असतो. दुष्काळ सोसणारी पिके तयार करण्याच्या दृष्टीने अभ्यासक याच्याकडे पाहतात, त्याला हा आटोपशीर आकारही कारण आहे.

गवतप्रेमी, ठाणे

झुबका जगवायचा असल्यास बशीतून आजच काढावा, कारण पाण्यात उभे राहणे त्याला मानवणारे नाही. उथळ कुंडीत बेसाल्टची खडी आणि थोडी गाळाची माती घालून लावावा, खत देऊ नये, आणि कुंडी पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. मुंबईच्या पावसाळ्यात ती छपराखाली ठेवावी. एक विनंती आहे, गावच्या कातळावरून आणखी झुबके आणू नयेत, कारण भेगेतली ती बोटभर माती त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते.

मुलुंडकर

बशीतून काढून लावला आहे. गावी आता श्रावणात जाणार आहे, तेव्हा कातळ हिरवा असताना फक्त छायाचित्रे काढून आणेन.