कटिंगसोबत माहितीची चिठ्ठी द्यायलाच हवी का?

पेर-पान (दादर):

पहिला पाऊस पडला की मुंबईत घरातल्या झाडांच्या कटिंग्ज हातोहात फिरायला लागतात. सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत, लोकलमध्ये ओल्या कागदात गुंडाळून. दिवसही त्यासाठी उत्तम असतात. पारा २५ ते ३२ अंशांत आणि हवेत भरपूर दमटपणा. तरीही गणपती येईस्तोवर यातल्या कितीतरी फांद्या सडून कचऱ्यात जातात. याचा दोष घेणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. फांदी हातात ठेवताना आपण फक्त एवढंच म्हणतो, "पाण्यात ठेवा, लागेल."

माझी मागणी अशी की प्रत्येक कटिंगला चिठ्ठी बांधा. झाडाचं नाव, कापल्याची तारीख, फांदीवर पेरं (पान फुटतं त्या गाठी) किती, खालचं टोक कोणतं आणि मूळ झाडावर गेल्या महिन्यात कुठली कीड होती.

पेराचा मुद्दा सगळ्यात आधी. मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, वेलवर्गी फिलोडेंड्रॉन यांचा नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो. देठासकट नुसतं पान दिलं तर त्याला पाण्यात मुळं फुटू शकतात, पान महिनोन् महिने हिरवं राहतं, पण वेल होत नाही. डोळाच नाही तर कोंब येणार कुठून? रबराचं पान, फिडल लीफचं पान, छोट्या कुंडीत खोचून विकतात ते बदामाच्या आकाराचं होयाचं एकटं पान, सगळ्यांचं तेच. घेणारा वर्षभर पाणी घालत राहतो.

टोकाचा मुद्दा स्नेक प्लांटसाठी. पानाचे चार-चार इंचांचे तुकडे वाटले जातात आणि तुकडा उलटा खोचला तर मुळं धरत नाहीत. खालची बाजू इंग्रजी 'व्ही'च्या आकारात कापली की घोळ होत नाही. काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मगच हातातून सोडा.

कीड लपवणं मात्र सगळ्यात वाईट. पिठ्या ढेकूण देठ आणि खोडाच्या बेचक्यात कापसाच्या कणासारखा दिसतो, एवढ्यावरून अख्खी खिडकी खराब होते.

---

खिडकीतली वेल (मुलुंड):

पेराचं पटलं. चिठ्ठीचं नाही. पाच रकाने भरायचे म्हटलं तर देणारा देणंच बंद करेल, आणि घेणारा वाचून घाबरेल. "पाण्यात ठेवा" हा सल्ला टिकला याला कारण आहे. नवख्याला मुळं डोळ्यांनी दिसतात. मातीत खोचलेली फांदी जगली की मेली हे कळायला तो ती रोज उपटून बघतो, आणि नेमकी त्यानेच मोडतात कोवळी मुळं.

पाण्यात नीट लावायला फार काही लागत नाही. दोन ते तीन पेरांची फांदी, सर्वांत खालच्या पेराच्या पाऊण इंच खाली काप. खालचं एक पेर बुडेल एवढंच पाणी. एकही पान पाण्यात नको, कारण बुडालेलं पान सडतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. मनी प्लांटला या हवेत १० ते १५ दिवसांत पांढरी मुळं दिसतात. तलावांचं नळाचं पाणी मृदू असतं, रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीनही बरंच उडतं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तेवढी काळजी घ्या, क्षारांनी मुळांची टोकं तपकिरी होतात.

हे सगळं अर्ध्या मिनिटात तोंडी सांगून होतं.

---

ओली कुंडी (चेंबूर):

मुलुंडच्या ताई, जून ते ऑक्टोबर मुंबईत उघड्या बाटलीत कटिंग ठेवायचा सल्ला कुणीच देऊ नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, तीही पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या भिंतीला चिकटवून. ती अंडी सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे "आठवड्यातून एकदा पाणी बदला" हा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यात पुरेसं अंतरच उरत नाही. पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरी येतात तेव्हा मनी प्लांटच्या आणि बांबूच्या बरण्याच आधी बघतात, ते उगाच नाही.

दुसरं, पाण्यात फुटलेली मुळं मातीसाठी तयार नसतात. ती ठिसूळ असतात, त्यांच्यावर मूळरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, कमी. मातीत गेल्यावर आठवडाभर पानं लोंबतात, घाबरून माणूस आणखी पाणी घालतो आणि मग खरंच सडतं.

थेट माध्यमात लावा. पावसाळ्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं, डिसेंबर ते फेब्रुवारी दोनास एक. कोकोपीटची वीट भिजवून तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. मूठभर घेऊन जोरात दाबलं की एक-दोन थेंब पडायला हवेत. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. गांडूळखत अजिबात नको. मुळंच नाहीत तर खत घेणार कोण? ओल धरून ठेवतं आणि वर बारीक काळ्या माश्या आणतं.

---

खिडकीतली वेल (मुलुंड):

डासांचं पूर्ण मान्य, माझ्या उत्तरात ते यायला हवं होतं. बाटलीच्या तोंडाला जुन्या साडीचा किंवा मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने घट्ट बांधायचा, फांदी मधल्या चिरेतून आत आणि चिरेभोवती कापूस. पाणी बदलताना बाटली आतून घासायची, नुसती विसळून अंडी निघत नाहीत. बाहेरून तपकिरी कागद गुंडाळला तर शेवाळही धरत नाही.

मातीच्या धक्क्याला मात्र उपाय आहे. मुळं लांब होऊ देऊ नका. साधारण तीन सेंटिमीटर झाली, त्यांना बाजूची बारीक मुळं फुटायला लागली की हलवा. वीतभर झाल्यावर हलवलेली फांदी जास्त कोमेजते. ज्यांना भीती वाटते त्यांनी त्याच ग्लासात रोज दोन चमचे धुतलेलं कोकोपीट टाकत जावं. पाच-सहा दिवसांत पाण्याचा चिखल होतो, मग कुंडीत. नव्या कुंडीचा पहिला आठवडा ओलसर, त्यानंतर हळूहळू सुकवत न्या.

---

सावलीतला (गोरेगाव):

तुम्ही दोघं पद्धतीवर भांडताय, मी देण्यावरच प्रश्न विचारतो. कठीण झाडाची फांदी द्यायचीच कशाला? मुळं धरलेलं रोप द्या. रबराचं झाड, फिडल लीफ, उंच वाढलेला क्रोटन यांची गुटी बांधायला, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून घ्यायला, जून-जुलै हाच काळ, आणि त्यात नवख्याच्या हातात सडायला काहीच जात नाही, कारण मुळं येईस्तोवर फांदी आईच्याच अंगावर असते.

शेंड्यापासून फूटभर खाली, बोटाएवढ्या जाड खोडावरची दोन-तीन पानं काढा. धारदार पात्याने गोलाकार दोन काप, मध्ये अंतर एक इंच. मधली साल बांगडीसारखी निघते. चीक ओल्या फडक्याने पुसा. आता सालीखालचा बुळबुळीत हिरवट थर पात्याच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं, पांढरट दिसेपर्यंत साफ करा. बहुतेक गुट्या इथेच फसतात. तो थर राहिला तर वरची आणि खालची साल पुन्हा जुळते, आणि झाडाला मुळं काढायची गरजच उरत नाही.

रूटिंग पावडर फक्त वरच्या काठाला. पानांत बनलेलं अन्न सालीतून खाली येतं आणि तिथे अडतं, मुळं तिथूनच फुटतात. खालच्या काठाला लावलेली वाया जाते. स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं सुकं शेवाळ) भिजवून, पिळून, मुठीएवढा गोळा दोन्ही काठ झाकेल असा बसवा. वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळी. वरची गाठ जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी खोडावरून उतरून गोळ्यात साचतं. मुळांना अंधार लागतो म्हणून बाहेरून काळी पिशवी किंवा फॉइल. चौथ्या आठवड्यापासून फॉइल उघडून बघा. पांढरी मुळं दिसली म्हणून लगेच कापू नका, ती तपकिरी पडून गोळाभर पसरू द्या. गोळ्याच्या खाली काप, प्लास्टिक काढा, मॉस न सोडवता कुंडीत. वर पानं जास्त असतील तर दोन-तीन कमी करा आणि १५ दिवस सावलीत.

असं रोप दिलं की चिठ्ठीची गरजच पडत नाही.

---

पेर-पान (दादर):

गुटीचं वर्णन सोन्यासारखं आहे. पण तुमच्या उत्तरातच माझा मुद्दा आहे. सालीखालचा थर खरवडायचा, हे सांगितलं नाही तर घेणारा पुढची गुटी कशी बांधणार? रोप एकाच घरी जातं, माहिती दहा घरी जाते.

---

वाऱ्यावरची गॅलरी (वरळी):

माहिती दहा घरी जाते, आणि चुकीचीही तितक्याच घरी जाते, म्हणून चिठ्ठीला माझा विरोध आहे. "कापाला दालचिनी लावा, मुळं फुटतील." दालचिनी बुरशी थोडी रोखते, मुळं फोडत नाही. उलट कोवळा काप सुकवते. मध लावतात, मधात मुळं फोडणारं संप्रेरक नाही. पावडरमध्ये जे असतं ते इंडोल ब्युटिरिक ॲसिड. मऊ फांदीला हलकी मात्रा पुरते, लाकडी फांदीची मात्रा मनी प्लांटला लावली तर टोक काळं पडून सडतं. मनी प्लांटला खरं तर लागतच नाही.

शिवाय प्रत्येक घर वेगळं. समुद्राच्या बाजूची १८व्या मजल्यावरची गॅलरी आणि चाळीतली आतल्या बाजूची खिडकी यांना एकच पाककृती कशी चालेल? वरती वाऱ्याने पानं सुकतात, तिथे फांदीवर पारदर्शक पिशवी हवी. चाळीत जुलैत तीच पिशवी घातली तर आत बुरशी. एसीच्या खोलीत बाराही महिने पिशवी लागते. आणि ढगाळ महिन्यात खिडकीपासून आठ फूट आत ठेवलेली कटिंग काहीही केलं तरी रेंगाळते. मुळं उभी करायला लागणारी साखर पान उजेडातच करतं. रेंगाळली की सडायला वेळ मिळतो.

---

झाडपाला (विलेपार्ले):

एक प्रश्न. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचे तुकडे लावले तर पिल्लं साधी हिरवी येतात. खत कमी पडतं का?

---

सावलीतला (गोरेगाव):

खताचा संबंध नाही. त्या पानात दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात आणि पिवळी कड एका थरातून येते. पानाच्या तुकड्याला नवा कोंब फुटतो तेव्हा ती मांडणी सोबत येत नाही, म्हणून पिल्लू हिरवं. कड टिकवायची तर गड्डाच वाटायला हवा, कुंडी पालथी करून मुळांसकट एक-एक कोंब कापून. व्हेरिगेटेड (दोनरंगी पानांच्या) पेपरोमियाच्या पानाचंही असंच होतं. वेलींचं वेगळं. तिथे डोळा असतो, म्हणून रंग येऊ शकतो, पण सलग दोन-तीन पानं हिरवी असलेला भाग कापला तर बहुधा हिरवंच पुढे जातं. पूर्ण पांढऱ्या पानांचा भाग तर वेगळा जगतच नाही.

---

ओली कुंडी (चेंबूर):

वरळीकरांचा मुद्दा मला दादरच्या मूळ मागणीपेक्षा जास्त पटतो, फक्त निष्कर्ष उलटा निघतो. चिठ्ठीवर पाककृती नको, झाडाची नोंद हवी. "पूर्वेची खिडकी, सकाळी दोन तास ऊन, कोकोपीटमध्ये, पाणी चार दिवसांनी." घेणारा आपल्या खिडकीशी ताडून बघेल. दालचिनी लावा-न लावा हे त्यावर लिहायचंच नाही.

कीड लिहिणं मात्र सक्तीचं करा. आणि देताना-घेताना दोन्ही वेळी धुवा. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली नीम तेल, तीन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड, नीट ढवळून पानांच्या खालून फवारा, उन्हात नाही. नवी कटिंग तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब. पिठ्या ढेकणाची अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत, म्हणून सात-सात दिवसांनी तीनदा. कात्री प्रत्येक झाडामागे स्पिरिटने पुसा.

---

खिडकीतली वेल (मुलुंड):

नोंद असेल तर मीही लिहीन, दोन ओळीत मावते. सक्ती मात्र अजून पटत नाही. सोसायटीतल्या आजींनी चिठ्ठी न लिहिता दिलेली फांदी मी परत करणार नाही.

---

पेर-पान (दादर):

आजींची फांदी घ्याच, चिठ्ठी आपण त्यांना विचारून लिहायची. पाककृती वगळायची हे मला मान्य, मूळ मागणीत तेवढी दुरुस्ती धरा. तारखेवर मात्र मी हटणार नाही, झेडझेड प्लांटसाठी तर नाहीच. त्याचं एकेक पान देठाकडून कापून, दिवसभर सुकवून, अर्धा इंच खोल खोचतात. पुढे दोन महिने वर काहीच घडत नाही. कोंब यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. तारीख नसली की तिसऱ्या महिन्यात कुंडी रिकामी केली जाते. पान पिवळं पडलं तरी फेकू नका. बोटाने कोकोपीट हलकेच बाजूला करा, देठाच्या बुडाशी वाटाण्याएवढा पांढरट कंद दिसेल, त्याला दोन-चार मुळं. तो दिसला की पुन्हा झाका आणि पाणी दर १०-१२ दिवसांनीच.